अन्नपूर्णा बाहेर बसली

आमची आणि सरस्वतीबाईची भिंत एकच. मातीची, पुरुषभर उंचीची, वर छपरापर्यंत मोकळी. त्यामुळे त्यांच्याकडे फोडणी पडली की शिंका आम्हाला यायच्या आणि आमच्याकडे भांडण झालं की त्याचा निवाडा त्यांच्याकडून यायचा. दुसऱ्याच्या घरातलं ऐकायची मला हौस नाही, पण कानाला काही झाकण नसतं. त्या हिवाळ्यात मी रोज पहाटे उठत होते ती सरस्वतीबाईच्या सुनेच्या ओकण्याच्या आवाजानं.

महाराष्ट्र झाला म्हणून आमच्या अमडापूरच्या शाळेत पेढे वाटले, त्याला तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील. सरस्वतीबाईचा भाजीचा मळा गावालगतच होता. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, मिरची. मुलगा सहदेव मळा बघायचा आणि माल बाजारात नेऊन विकायची सरस्वतीबाई. तिच्याशी घासाघीस करायला बायका घाबरत. घरात सून अन्नपूर्णा, माहेर दुसरबीडचं, आणि तिची दोन लेकरं. थोरली बनी अजून तीन वर्षांची व्हायची होती. धाकटा पंजाब, ज्याला सगळे पंजू म्हणायचे, नुकता पाय फुटलेला, म्हणजे घरात मोकळं सोडलेलं वासरूच. आणि आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते.

अशी गोष्ट तीन महिने बाहेर सांगू नये असं म्हणतात. सरस्वतीबाईनं ती भर बाजारात, वांगी तोलता तोलता सांगून टाकली. तिला मी दोष देत नाही. तिचा एकटा सहदेवच जगला होता. त्याच्या आधीची दोन आणि नंतरचं एक मातीत गेलं होतं. घरात लेकरांची रांग लागावी एवढी एकच हाव त्या बाईला होती. हाव म्हणावी तर तीही गरीबच.

पण अन्नपूर्णाच्या पोटात पाणी ठरेना. ओकाऱ्या सगळ्यांनाच होतात, मलाही झाल्या. हे तसलं नव्हतं. ती भाकर बघून ओकायची, तव्याच्या वासानं ओकायची, सहदेवच्या अंगाला सांबाराचा वास आला तरी तोंड फिरवायची. काही उरलं नाही की पिवळं पाणी पडायचं आणि तेही संपलं की नुसती कोरडी उमळ. बांगड्या मनगटावरून कोपराकडे सरकायला लागल्या. ओठांना चिरा पडल्या. आणि याच बाईनं रोज दोन वेळा चुलीपुढं बसून लसणाची फोडणी द्यायची होती, कारण सासू मळ्यात किंवा बाजारात, नवरा मळ्यात, आणि चूल काय आपोआप पेटत नाही.

त्यात दोन लेकरं. पंजू कधी मिरचीच्या ढिगात हात घालायचा, कधी रांजणाशी जायचा. अन्नपूर्णात उठायचं बळ नसायचं. तिनं मग जुन्या लुगड्याची पट्टी फाडून एक टोक पंजूच्या कमरेला आणि दुसरं आपल्या पायाला बांधलं. तो लांब गेला की पायाला हिसका बसायचा आणि ती डोळे उघडायची. बनी शहाणी निघाली. माय ओकली की ती चुलीकडे धावायची, मूठभर गार राख आणायची आणि त्यावर टाकायची. एवढ्याशा मुठीत मावणार ती किती, म्हणून चार चार फेऱ्या करायची. एकदा मी डोकावले तर पोरगी चिंधीच्या बाहुलीची पाठ चोळत होती आणि म्हणत होती, "ओक वं बाई, ओक. बरं वाटीन." मला हसू आलं, आणि मग कसंतरीच झालं.

मी लेकरांना आमच्याकडे आणून बघितलं. घटकाभर खेळायची आणि मग पंजू भिंतीकडे तोंड करून असा टाहो फोडायचा, की पलीकडून अन्नपूर्णाच म्हणायची, "शालूबाई, आणा इकडं त्याले. रडणं ऐकून जास्तच मळमळते."

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे आमची गल्ली. पोटुशी बाईला काय खावंसं वाटतं ते विचारायचं आणि तिनं जे नाव घेतलं ते ताट भरून न्यायचं, ही आमच्याकडची रीत. डोहाळा अपुरा राहिला तर लेकराचा कान वाहतो म्हणतात. रीत चांगलीच आहे. एरवी सुनेला तुला काय आवडतं असं विचारतो कोण? पण इथे झालं काय, की येणारीचं मन मोडू नये म्हणून अन्नपूर्णा काहीतरी नाव घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी ते तिच्या पुढ्यात यायचं. कुणी भरीत आणलं, कुणी तेलात न्हालेले रोडगे आणले. समोरच्या घरातली रुक्मिणीबाई तर ताट घेऊन पहिली हजर आणि ते खाल्लं की नाही हे बघायलाही पहिली हजर. मनानं वाईट नव्हती, पण तिला दुसऱ्याच्या घरात काय शिजतं हे कळल्याशिवाय स्वतःचं पचत नसे. तिच्या समोर अन्नपूर्णा दोन घास गिळायची आणि तिची पाठ वळली की सगळं बाहेर.

"खाल्ल्याबिगर पोटात कसं राहीन?" सरस्वतीबाई म्हणायची. "आमी ओकत ओकत रोपं लावली. दोन दिसाचा तरास हाय, जाईन."

ज्याचं जळतं त्याला कळतं. पण सरस्वतीबाईचंही जळलेलं होतं, म्हणून तिला आपलं तेच खरं वाटायचं.

एका संध्याकाळी मी ताक घेऊन गेले होते. सरस्वतीबाई मेथीच्या जुड्या बांधत होती. अन्नपूर्णा चुलीजवळून उठून भिंतीला धरत धरत आली आणि सासूच्या समोर बसली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला पुढे वाकावं लागलं.

"आत्याबाई, मले बाहेर बसू द्या."

सरस्वतीबाईचा हात थांबला.

बाहेर बसणं म्हणजे काय ते आमच्या बायकांना सांगायला नको. महिन्याची अडचण आली की बाई चार दिवस घरकामातून बाजूला. तिनं चुलीला शिवायचं नाही, पाण्याला शिवायचं नाही, कुणी तिला शिवायचं नाही. शेतकऱ्याच्या घरात हे एवढं कडक कुठून परवडणार? बहुतेक घरांत निम्मंशिम्मंच पाळत. सरस्वतीबाईनं मात्र ते तसूभर ढिलं होऊ दिलं नव्हतं. तिच्या घरची मागची सपरी, म्हणजे गोठ्याला लागून असलेली छपरी, याच कामाची होती. एक चटई, एक तांब्या, एक थाळी. आणि खरं सांगू? आमच्यातल्या किती जणी त्या चार दिवसांची वाट बघायच्या. वर्षाकाठी बाईला तेवढीच काय ती सुट्टी.

"पोटुशी बाई बाहेर बसते काय वं कधी?" सरस्वतीबाई म्हणाली.

"चार दिवस फक्त. सपरीत पडून राहीन. तथी चुलीचा वास येत नाई. तथी कोनी ताट घेऊन येत नाई." अन्नपूर्णानं श्वास घेतला. "मी मरून जाईन, आत्याबाई. माह्या लेकरायचं कसं होईन?"

"सांजच्या पारी अभद्र बोलू नको. लोक काय समजतीन? पोट पडलं म्हनतीन. आन् वास्तू तथास्तु म्हनते, मालूम हाय ना तुले? नसलेली अडचण आली म्हनलं, आन् खरंच आली त?"

"मामी, द्या ना बसू," मी म्हणाले. "पायजे त मी सैंपाक करते तुमचा."

"तू चूप बैस, शालू. तुह्यं काय जाते? माही तीन गेली, तुही एक तरी गेली काय?"

मी ताकाचं भांडं खाली ठेवलं. ती भ्याली होती. एवढी दणकट बाई आपल्याच घराच्या कानाला घाबरत होती. आपण बोलू ते घर ऐकतं आणि तसंच होवो म्हणतं, असा तिचा पक्का समज, आणि तीन वेळा मातीत हात घातलेल्या बाईचा तो समज मी काय खोडणार? अन्नपूर्णा उठली, परत चुलीजवळ गेली आणि पीठ मळायला बसली. तिच्या मागे पट्टी बांधलेला पंजू ओढला गेला. मी घरी आले आणि त्या रात्री आमच्याकडे मीठ विसरलेली भाजी सगळ्यांनी मुकाट खाल्ली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी दुपारी भिंतीवरून भाकर जळल्याचा वास आला. मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. पंजू रडत होता, पण कुणी त्याला गप करत नव्हतं. मी दारानं वळसा घालून धावले, तेवढ्यात सरस्वतीबाईही रिकामी टोपली डोक्यावर घेऊन बाजारातून आली. आम्ही दोघी बरोबरच आत शिरलो.

तव्यावर भाकरीचा कोळसा झाला होता. अन्नपूर्णा चुलीच्या बाजूला आडवी पडली होती, आपल्याच ओकारीत. पंजू तिच्या पायाशी बांधलेला. आणि बनी चुलीपासून मायपर्यंत फेऱ्या घालत होती. तिनं नेहमीचं काम मन लावून केलं होतं. मायच्या गालावर, केसांवर, गळ्यावर, सगळीकडे राख. अन्नपूर्णाचा चेहरा पांढराफटक दिसत होता.

"माय सबन ओकली," बनी आजीला म्हणाली. "म्या झाकून राह्यली."

सरस्वतीबाईची टोपली खाली पडली. मी अन्नपूर्णाच्या नाकाशी हात नेला, श्वास होता. मी ओरडून तसं सांगितलं तरी सरस्वतीबाई उभीच. मग ती खाली बसली आणि आपल्या पदरानं सुनेच्या तोंडावरची राख पुसायला लागली. पुसत होती आणि म्हणत होती, "नाई वं माय, नाई. असं नाई." कुणाला म्हणत होती ते कळत नव्हतं.

सहदेवला मळ्यातून बोलावलं. बैलगाडी जुंपली, खाली कडबा घातला, वर वाकळ टाकली आणि चिखलीच्या डॉक्टरकडे नेलं. मी घरी लेकरांना सांभाळलं. डॉक्टरनं हाताच्या शिरेतून सलाईनची बाटली चढवली आणि सहदेवला सांगितलं, की हिला चुलीपासून लांब ठेवा, वासापासून लांब ठेवा, जेवणाचा आग्रह करू नका, पाणी घोट घोट पाजा. पुन्हा अशी सुकली तर मी तिची हमी देत नाही. सहदेव मान हलवत राहिला. डॉक्टरांचं बरं असतं, ते चुलीपासून लांब ठेवा म्हणतात आणि लांब म्हणजे कुठे ते सांगत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी परत आली. गल्लीच्या तोंडाशीच रुक्मिणीबाई ताट घेऊन उभी. ताटात डाळीचे फुणके आणि कढी. वास माझ्यापर्यंत आला, म्हणजे गाडीतही गेला असणार. अन्नपूर्णानं पदर तोंडावर दाबला.

"आली काय वं अन्नपूर्णा? घे, गरम हाय तंवर खाऊन घे," म्हणत रुक्मिणीबाई पुढे झाली.

सरस्वतीबाई गाडीत अन्नपूर्णाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं ते हळूच खाली वाकळीवर ठेवलं, आपलं लुगडं आवरून बाजूला सरकली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दूर राह्य, रुक्मिणीबाई. शिवू नको. बाहेर बसली थे."

रुक्मिणीबाई जागच्या जागी थांबली. ताट खाली आलं. "म्हनजे... गेलं?"

सरस्वतीबाईनं सहदेवला गाडी हाकायची खूण केली. सहदेवनं चमकून आईकडे पाहिलं, मग बैलांकडे पाहिलं आणि गाडी पुढे घेतली.

एवढ्या एका वाक्यानं जे झालं ते सहा आठवडे ओकून झालं नव्हतं. ताटं बंद झाली. सून लोळते आणि सासू चूल फुंकते, असं कुणी म्हणेना. सहदेव पाण्याच्या घागरी भरायला लागला तरी कुणी हसलं नाही, कारण बाहेर बसलेल्या बाईनं पाण्याला शिवायचं नाही, मग भरणार कोण? आमच्याकडे बाईची दया कुणाला येवो न येवो, विटाळाची भीती सगळ्यांना होती. मला या गोष्टीचा तेव्हाही राग आला आणि अजून येतो. पण त्या वेळी त्या भीतीनंच दार राखलं, हेही खरं.

मागच्या सपरीत वारा खेळता होता. शेणाचा वास यायचा, पण अन्नपूर्णा म्हणायची, तो चालतो. पाणी पाजायचं ते वरून, न शिवता, तिच्या ओंजळीत. सरस्वतीबाई तांब्याची बारीक धार धरायची, ओंजळीत मावेल तेवढंच जायचं, आणि तेवढंच पोटात ठरायचं. घटकाभरानं पुन्हा ती तांब्या घेऊन हजर. जेवणही तसंच. ज्वारीच्या चार लाह्या वरून तळहातावर टाकायच्या. कधी भाजलेल्या फुटाण्याचे दोन दाणे. ताट नाही, आग्रह नाही. ओकाऱ्या काही थांबल्या नाहीत, पण आता ओकायच्या आधी काहीतरी पोटात मुरायला लागलं होतं. सरस्वतीबाईनं बाजार सोडला. तिची बाजारातली जागा दुसऱ्या एका बाईनं धरली आणि सरस्वतीबाईनं तिच्याशी भांडणसुद्धा केलं नाही. मळ्यातला माल सहदेव मिळेल त्या भावानं देऊन मोकळा व्हायचा.

लेकरांचा प्रश्न रीतीनंच सोडवला. नागड्या लेकराला विटाळ नसतो. शिवायचं असेल तर अंगावरचा कपडा काढून जायचं, एवढंच. पंजूला तर काढायला काही नव्हतंच. बनीला हे एकदा सांगितलं आणि तिनं ते असं धरलं, की मायची आठवण आली की झगा काढून खुंटीखाली टाकायची आणि धूम. हिवाळ्याचे दिवस, अंगावर काटा यायचा. मग सरस्वतीबाईनं लोकरीची घोंगडी काढून दिली, कारण लोकरीलाही विटाळ नसतो. तिघं त्या घोंगडीत शिरून झोपायची. अन्नपूर्णाच्या एका काखेत पंजूचं डोकं, दुसऱ्या काखेत बनीचं. बनी एक लाही स्वतः खायची आणि एक मायच्या तोंडात घालायची, आणि मायनं चावली की नाही ते तिच्या तोंडात बोट घालून बघायची.

बायका यायच्या. दारात लांब उभ्या राहून चुकचुकायच्या. "नशीब म्हना, दुसरं काय. नजर लागली असन. बाजारात बोलाले नोतं पायजे." सरस्वतीबाई ऐकून घ्यायची. पोट पडलं असं ती एकदाही म्हणाली नाही आणि पडलं नाही असंही म्हणाली नाही. "बसली हाय," एवढंच. चार दिवस झाले, आठ झाले, महिना होत आला. अजून बसलेलीच? बायकांची कुजबुज वाढली. कुणी देवऋषाचं नाव सुचवलं, कुणी म्हणालं अंगावर जातं म्हणजे बाईचं आतून सगळं गेलं.

खरं काय ते त्या घराबाहेर फक्त मला ठाऊक होतं, तेही भिंतीमुळे. दिवेलागणीला सरस्वतीबाई देवापुढं दिवा लावायची आणि मग देवाकडं पाठ करून, मधल्या खांबाला हात टेकून घराशी बोलायची. पहिल्यांदा मला वाटलं, सहदेव आलाय. मग शब्द कळले.

"म्या खोटं सांगतलं. तू आइकू नको. लोकायसाठी सांगतलं थे, तुह्यासाठी नाई. तुले तथास्तु म्हनाचंच असन त माह्यासाठी म्हन. मले ने. पन थ्या पोरीले आन् तिच्या पोटातल्याले हात लावू नको."

रोज हेच. रोज तशाच आवाजात, उधारी मागायला आलेल्या माणसासारख्या. मी चुलीपुढं बसून ऐकायचे आणि माझे डोळे भरून यायचे. ही बाई बाजारात कुणाचं ऐकत नसे, आणि इथे मातीच्या भिंतींची विनवणी करत होती. अन्नपूर्णाला तिनं हे कधी कळू दिलं नाही.

सकाळी मात्र ती तांब्या घेऊन सपरीत जायची तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला. "हाललं काय वं?" अन्नपूर्णा मान हलवायची, नाही. सरस्वतीबाई पाणी ओतायची आणि परत फिरायची. हात लावून बघायची सोय नव्हती. सपरी तीन बाजूंनी उघडी आणि रुक्मिणीबाई परसात कधी डोकावेल याचा नेम नव्हता.

थंडी ओसरायला लागली तशा अन्नपूर्णाच्या ओकाऱ्याही उतरल्या. एक दिवस तिनं आपणहून अर्धी भाकर मागितली. ती पोटात राहिली. डोळ्यांत थोडं पाणी आलं, म्हणजे तेज आलं म्हणते मी. आणि मग एका सकाळी सरस्वतीबाईनं विचारलं तेव्हा तिनं मान हलवली नाही. म्हणाली, "काल सांजच्यानं हालते, आत्याबाई. पोटात मासोळी फिरल्यावानी." सरस्वतीबाईच्या हातातली पाण्याची धार जमिनीवर गेली. पण तिनं स्वतःला आवरलं. "कोनाले सांगू नको. अजून पंधरा दिस बैस अशीच. अंगी लागू दे," असं हळू आवाजात सांगून ती आत गेली. मी आमच्या परसात भिंतीशीच होते, आणि मला वाटलं, आता गंगेत घोडं न्हालं.

त्याच दुपारी रुक्मिणीबाई आली. एकटी नव्हती, गल्लीतल्या अजून दोघीजणी बरोबर होत्या, म्हणजे काम मोठं होतं. मीही काम काढून मागोमाग गेले. सरस्वतीबाई मागच्या अंगणात मिरच्यांची देठं काढत होती. सपरीत अन्नपूर्णा पंजूला थोपटत बसली होती. बाया लांब बसल्या. रुक्मिणीबाईनं आधी इकडचं तिकडचं बोलून घेतलं आणि मग घसा साफ केला.

"सरस्वतीबाई, राग मानू नको. तुह्या भल्याचं सांगते. सून काई आता धड होत नाई. दोन महिने झाले बसून. माह्या बहिनीची पोरगी हाय वडनेरले, हातापायानं मजबूत. सहदेवाले दे करून. ही राहीन एका बाजूले, दोन लेकरं पोसशीनच तू. कायदा आडवा येते म्हनतात, पन गावात कोन पाह्यते कायदा?"

सपरीत थोपटणारा हात थांबला.  अन्नपूर्णानं पंजूला उचलून छातीशी धरलं आणि सासूकडे पाहिलं. तिच्या मनात काय आलं असेल ते कुणीही बाई सांगेल. सासूनं दोन महिने जीव जपला होता, हे खरं. पण सासू ती सासू, आणि पोराच्या दुसऱ्या लग्नाची गोष्ट कानावर पडली की चांगल्या चांगल्या सासवांची बुद्धी फिरते. मलाही धाकधूक वाटली. आणि दुसरंही होतं. पोट पडलं नाही हे सांगायचं तर सगळ्यांसमोर, मोठ्यानं, घराच्या कानावर सांगावं लागणार होतं. मोठ्यानं बोललेल्या शब्दाचं घर काय करील याची भीती त्या बाईला किती होती ते मी रोज ऐकत होते.

सरस्वतीबाईनं हातातली मिरची खाली ठेवली. हात लुगड्याला पुसले. उठली, अंगण ओलांडून सपरीत गेली, अन्नपूर्णाच्या चटईवर बसली आणि सगळ्यांच्या देखत तिच्या पोटावर हात ठेवला.

"सरस्वतीबाई, विटाळ," रुक्मिणीबाई अर्धी उठली. "शिवली ना तू तिले."

"विटाळ कायचा वं? नातवाले शिवून राह्यली मी. नाई त नातीले."

 मग त्या दोघींतली एक म्हणाली, "म्हनजे पडलं नोतं? मंग दोन महिने खोटं बोलली तू आमच्याशी?"

"हाव. बोलली. थे चुलीपुढं मरून राह्यली होती म्हनून बोलली. पुन्हा बोलाची पाळी आली त पुन्हा बोलीन."

"आता मी लोकायले काय सांगू?" रुक्मिणीबाई म्हणाली. तिला खरंच प्रश्न पडला होता. सगळ्या गावाला तिनंच तर सांगितलं होतं.

"सांग का सरस्वतीची सून पोटुशी हाय. आन् तुह्या बहिनीच्या पोरीले दुसरं चांगलं घर पाह्य."

त्या गेल्या. जाताना रुक्मिणीबाईनं मागे वळून एकदा पाहिलं, पण बोलली नाही, आणि हे मी तिच्या बाबतीत पहिल्यांदा बघितलं. मी मात्र हलले नाही. मला रडू येत होतं आणि ते लपवायला मी मिरच्यांच्या ढिगापाशी बसले, म्हणजे कुणी विचारलं तर सांगायला कारण होतं.

सपरीत सरस्वतीबाईचा हात अजून तिथेच होता. मघाचा तो दणदणीत आवाज कुठे गेला कोण जाणे. ती सुनेजवळ वाकून हळूच म्हणाली, "मले काईच समजून नाई राह्यलं वं. हालते म्हनली ना तू?  हाय ना वं आत? खरं सांग."

अन्नपूर्णानं पंजूला खाली ठेवलं आणि सासूच्या हातावर आपला हात दाबून धरला.

"हाय, आत्याबाई. हात काढू नका. पुन्हा हालीन."

सरस्वतीबाईनं हात काढला नाही. आम्ही तिघीही वाट बघत बसलो.